जिन्यातली नवी बाई

प्रिय ठके,

फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. पत्राला मध्येच तोडता येत नाही, एवढा त्याचा फायदा. तुझी आई म्हणाली, पुढच्या सिनेमाला तू नकार कळवलास आणि पडदे ओढून खोलीत बसली आहेस. लोक तुझ्याबद्दल काय काय लिहितायत तेही तिनं वाचून दाखवलं. 'मावशीच्या कामाला काळिमा फासला' हे तर मोठ्यानं वाचलं.

तुझा सिनेमा मी पाहिला, गं. दुपारच्या खेळाला, एकटीच, कडेच्या खुर्चीत. तरुणपणी केलेली आपली जिन्यातल्या बाईची भूमिका आता भाची करतेय, म्हणून आधी जरा धास्तीच होती. माझी बाई नुसती जिना उतरायची. पाठमोरी, केस सोडलेले, तोंड कधीच दिसायचं नाही. तू मधल्या पायरीवर बसलीस, केस मागे सारलेस आणि रडायला लागलीस. मी पिशवीत रुमाल शोधायला लागले. भुतासाठी! आमच्या वेळी लोक खुर्चीखाली शिरायचे.

बाहेर येते तर तिकीट खिडकीपाशी हीऽऽ जुंपलेली. जुन्या सिनेमातलं माझं पाठमोरं चित्र छापलेला शर्ट घालून एक दाढीवाला तावातावानं म्हणत होता, "भूत कधी रडतं का? तोंड दिसलं की भीती संपली!" रुग्णालयातून थेट आलेली एक नर्स त्याला भिडली. "जुनी बाई नुसती दचकवायची. हिची आधी दया आली, आणि मग जी भीती वाटली ना, माझे हात धरून बघा, अजून गार आहेत." दोघांच्याही बाजूनं माणसं गोळा झाली. दाढीवाल्याला पंच हवा होता, त्यानं मलाच गाठलं. "आजी, तुम्ही जुना पाहिलाय?" मी म्हटलं, "थोडाफार." "मग सांगा, खरी बाई कुठली?" पोटावर माझीच पाठ घेऊन मला विचारत होता! मला बस गाठायचीय म्हटलं आणि सटकले.

त्याच आठवड्यात जुन्या सिनेमाच्या चाहत्यांच्या मंडळाचे अध्यक्ष घरी आले. दातांचे डॉक्टर आहेत, अतिशय सभ्य माणूस, चपला दाराबाहेर अगदी सरळ लावून ठेवल्या. फोन माझ्यासमोर उभा केला आणि म्हणाले, "बाई, दोन शब्द बोला. नवा सिनेमा म्हणजे मूळ कलाकृतीचा अपमान आहे, एवढंच. तुमचं तोंड न दाखवण्यामागचा विचार या लोकांना कळलाच नाही." त्या विचारावर त्यांनी म्हणे मोठं भाषणही दिलंय. मला हसूच आवरेना. म्हटलं, "डॉक्टर, विचार कसला? मला रडता येत नव्हतं. दिग्दर्शकानं दिवसभर डोक्याला हात लावला, शेवटी म्हणाला, बाई, तुम्ही तिकडे तोंड करा. माझ्या भाचीला रडता येतं, म्हणून तिचं तोंड दाखवलं. मला जमलं असतं तर मीही तेच केलं असतं." डॉक्टरांचा चेहरा दाढ उपटल्यासारखा झाला. पण माणूस सच्चा. एक शब्द न कापता सगळं लोकांपुढे ठेवलं. आता त्यांच्यातच दोन तट पडलेत. निम्मे म्हणतात, बाई थोर. निम्मे म्हणतात, म्हातारी भाचीची बाजू घेतेय.

घेतेच आहे. पण त्याचं कारण तुला कुणी कधी सांगितलेलं नाही. त्या सिनेमानंतर मला दुसरं काम मिळालं नाही. पडद्यावर माझं नाव आलं की प्रेक्षक हसत्या प्रसंगातही घाबरतील, असं निर्माते तोंडावर सांगायचे. मग कपडे दुरुस्तीचं दुकान टाकलं. तिथंही मी कोण ते सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे गिऱ्हाईक आरशासमोर उभं असताना मी मागून टेप घेऊन गेले, की किंचाळायचं. तुम्ही मुली या गोष्टीवर लोळून हसायचात, मीही हसायची. पण एकदा ठरत आलेलं लग्नही त्यावरूनच मोडलं. सगळं आयुष्य मी जिन्यातली बाई म्हणून काढलं. तुझा सिनेमा लागल्यापासून भाजीवालासुद्धा विचारतो, "नव्या जिन्यातल्या बाईची मावशी ना तुम्ही?" किती हलकं वाटतं म्हणून सांगू!

आता खरं काम. डॉक्टरांनी दाखवलेलं ते बोलणं एका नव्या दिग्दर्शिकेनं पाहिलं. परवा ती येऊन गेली. तिच्या सिनेमात भाडेकरूशी उभा दावा असलेली एक खवट घरमालकीण आहे. भरदिवसा, उजेडात, कॅमेऱ्याकडे तोंड करून भांडायचं. या वयात मला विचारलंन! मी हो म्हणून बसले आणि आता झोप उडालीय. पाठांतर करताना समोर भाडेकरू म्हणून कुणीतरी लागतं. तुझ्या आईला उभं केलं, तर ती प्रत्येक वाक्याला माझीच बाजू घेते. तेव्हा तू ये. मला शिकवायला ये, मी अडले की रागवायला ये. येत्या गुरुवारी दुपारी मी दार उघडं ठेवते. आल्या आल्या रडावंसं वाटलं तर खुशाल रड, मी काही विचारणार नाही. तुझं झालं की भांडायला बसू.

तुझीच, उतारवयात उमेदवारी करणारी,
मावशी