जिन्याखालचा हंडा

९ एप्रिल, बुधवार
रेखा दुपारच्या बसने लोहाऱ्याला सासरी गेली. जायच्या आधी सगळं घर धुतलं. जिन्याखाली तांब्याचा हंडा निघाला. भरलेला. वर ताटली, ताटलीवर वरवंटा.
"अण्णा, हे पाणी कधीचं?"
तिच्या आईने भरलेलं. वेळप्रसंगाला म्हणून सुमन तो एक हंडा तिथं ठेवायची. ती गेली त्या दिवशी बायकांनी रीतीप्रमाणे घरातलं सगळं पाणी ओतलं, हौदसुद्धा उपसला. नळ आठवड्यातून एकदा येतो, तरीही. मग तेराव्यापर्यंत गल्लीने घागरी आणून दिल्या. जिन्याखाली कुणी बघितलं नव्हतं.
रेखा हंडा उचलायला वाकली. राहू दे म्हटलं.
"अहो, सुतकातलं पाणी आहे."
राहू दे म्हटलं ना. आवाज चढला थोडा. नंतर स्टँडवर तिला उसाचा रस पाजला.

१० एप्रिल, गुरुवार
ऑफिस. नगरपरिषद, पाणीपुरवठा. माझं टेबल फोनचं. धरणावर लाईट गेली की फोन, पाइप फुटला की फोन, गढूळ आलं की फोन. लोकांना वाटतं मीच सोडतो. पाणी धरणावरून फिल्टरला येतं, तिथून टाक्यांत, आणि टाकीच्या चाव्या बब्रुवानच्या हातात. तो एकेक भाग उघडत जातो. सगळं गाव फिरून पुन्हा आमच्यापर्यंत यायला आठवडा उलटतो.
सु. म्हणायची, "तुमच्याकडं नुसती रिंग हाय. पाणी बब्रूकडं हाय." पाण्याच्या दिवशी त्याला आलं घालून चहा द्यायची.
आज बब्रू टेबलापाशी येऊन उभा राहिला. मग म्हणाला, "वैनीचा चहा लई गोड असायचा, साहेब. म्या आपलं कधी बोललो न्हाय."
मलाही गोडच लागायचा. मीही नाही बोललो.

११ एप्रिल, शुक्रवार
हंड्याकडे बघून आठवलं. नवीन पाणी आलं की सु. उरलेलं ओतून टाकायची. शिळं म्हणून. यावरून दर पाळीला भांडण. मी म्हणायचो, धरणात वर्षभर पडून असतं ते शिळं होत नाही, अन् तुझ्या घागरीतलं होतं? ती म्हणायची, "मग शिळी भाकर का खात न्हाय तुम्ही?" 
निम्मं जास्वंदीला जायचं, निम्मं भांड्यांना. वाया काही जायचं नाही. भांडण तेवढं वाया जायचं.
धरणावरचा एक पंप बंद पडलाय. वरची टाकी भरत नाही, म्हणून खालच्या टाकीच्या भागांना आधी सोडायचं ठरलं. पूर्व भाग बुधवारऐवजी सोमवारी पहाटे. ग्रुपवर मेसेज टाकला.

१४ एप्रिल, सोमवार
सुट्टी होती. काल संध्याकाळीच रेखाकडे गेलो, आज चार वाजता परत. गल्लीत शिरलो तर ओट्यावर रिकाम्या घागरी.
पूर्व भाग म्हणजे आम्हीच. मेसेज टाकताना ते डोक्यात आलं नाही. टाइप केलं आणि पाठवलं. घरचं पाणी सु. बघायची.
आणि तो ग्रुप गल्लीत कोण बघतं. गुड मॉर्निंगच्या फुलांत सगळं बुडतं. पाळी बदलली की मी जेवताना बोलायचो आणि सु. दारात उभी राहून ताटलीवर उलथनं वाजवायची. "उद्या पहाटं पाणी गं!" गल्लीचं पाणी असं चालायचं. आज पहाटे आलं आणि तसंच निघून गेलं. कुणी उठलंच नाही. आमच्याही हौदाचा कॉक बंद.
समोरच्या काशीबाई ऐकवायला दारातच बसल्या होत्या. "पाण्याच्या हापिसातला माणूस आमच्यात ऱ्हातो, अन् आमीच कोरडे. दिव्याखाली अंधार."
शेजारच्या शकीलाभाभी म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या खाला. भाईसाबला काय म्हाईत? सांगायचं काम भाभीचं व्हतं."
काशीबाईंचं लागलं नाही. हे लागलं.

१६ एप्रिल, बुधवार
काशीबाई हळू आवाजात, "एक चावी फिरवा म्हणावं की बब्रूला. कुणाला कळतंय?"
बब्रू नाही म्हणाला नसता. म्हणून विचारलंच नाही. आज जे पाणी सुटतं ते दुसऱ्या कुणाच्या पाळीचं असतं.
प्यायला जार घेतोय सगळे. वापरायला गल्लीने मिळून टँकर मागवला, तो टोकापर्यंत पोचेपर्यंत संपला. शकीलाभाभींचं घर टोकाला. माझं त्याच्या अलीकडचं. मी ऑफिसच्या नळावर तोंड धुतो.
तेरा दिवस यांनी मला पाणी दिलं.
हंडा आहे. हात लावला नाही. देऊन टाकावा असं दोनदा वाटलं. एका हंड्याने गल्लीचं काय होणार, असं म्हणून बसलो. ते खरं कारण नव्हे.

२१ एप्रिल, सोमवार
उद्या पहाटे पाळी. बब्रूने नक्की सांगितलं.
संध्याकाळी ताटली घेऊन दारात उभा राहिलो. वाजवायचं धाडस होईना. तशीच आत ठेवली आणि दारोदार गेलो. "उद्या पहाटे आपल्या भागात पाणीपुरवठा होईल."
काशीबाई हसून हसून खोकायला लागल्या. "अवो, नोटीस वाचताव का सांगताव?"
पण सगळ्यांना कळलं. कुणीतरी मला चहा दिला. बिनसाखरेचा.

२२ एप्रिल, मंगळवार
पाणी आलं. जोर नाही. आमच्या हौदाचं तोंड खाली आहे तरी बारीक धार, आणि मध्येच तीही बंद. टोकाला मोटारीशिवाय थेंब चढत नाही. नळाला मोटार लावायला बंदी आहे. जप्तीच्या नोटिसा माझ्याच टेबलावरून जातात. सु. ने ताकीद दिली होती, "आपल्या गल्लीत जप्तीला आलात तर जेवायला हापिसातच बसा."
शकीलाभाभी दारात. ओढणी सावरत, धापा टाकत. "भाईसाब, रागावू नका. मोटार लावली. पण हवा धरलीय, नुसती घुमतेय. तांब्याभर पाणी व्हतं का वतायला? जार बी संपला. काशीखालाकडं बी न्हाय."
मोटारीत आधी पाणी ओतल्याशिवाय ती पाणी ओढत नाही. हौदात बादली टाकली. आलं तेवढं तळाच्या गाळात मिसळून नुसता चिखल.
मग वरवंटा बाजूला केला.
पाणी स्वच्छ होतं. अगदी. ताटलीच्या आतल्या बाजूला थेंब जमले होते. हंडा मीच खांद्यावर घेऊन गेलो. शकीलाभाभींनी हंडा ओळखला. सु. भरायची तो. "ह्यातलं नको भाईसाब," म्हणाल्या. मी ओतायला लागलो. एक तांब्या, दुसरा. मोटार खरखरली, हवा टाकली, पुन्हा घुमली. हंडा तळाला आला. पुन्हा ओतलं. मग तिचा आवाज एकदम जड झाला.
"धरलं! धरलं वो खाला, धरलं!"
त्या पाइपवरून काशीबाईंची पिंपं भरली, आमचाही हौद अर्धा. नोटीस कुणाला द्यायची आता.
दुपारी शकीलाभाभी हंडा घेऊन आल्या. चिंचेने घासलेला, काठोकाठ भरलेला. "भांडं रिकामं कसं द्यावं, भाईसाब?"
जिथं होता तिथं ठेवला. ताटली, वरवंटा.

२७ एप्रिल, रविवार
रेखाचा फोन. "अण्णा, ते पाणी ओतलं का?"
ओतलं.
"बरं केलंत." कुठं, ते तिने विचारलं नाही. पुढच्या वेळी आली की सांगेन.
बुधवारी पाणी. काशीबाईंना दारातूनच सांगितलं. "बुधवारी. पहाटं." म्हणाल्या, आता जमायला लागलं.
बुधवारपर्यंत हंड्यातलं शिळं होणार. सु. असती तर जास्वंदीला ओतून मोकळी झाली असती. मी तर म्हणायचो पाणी शिळं होत नाही. आता मीच ठरवायचं.
जास्वंदीला कळी आहे. बघू बुधवारी.