हिरवा वर्ग

दि. ३ ऑगस्ट

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

खुशाली मागाहून, आधी भांडते. तुझ्या जिल्हा शिक्षण कार्यालयाचं परिपत्रक आज शाळेत आलं, खाली तुझी सही. माझ्या तिसरीच्या वर्गातल्या एकतीसपैकी सव्वीस मुलांना नव्या टॅबवर हिरवा शेरा मिळाला, म्हणजे त्यांना वाचता येतं. सबब रोजचा वाचनतास पुढच्या महिन्यापासून बंद आणि वाचनाच्या बाईंची बदली. तळपायाची आग मस्तकात गेली.

दादा, त्या टॅबवर शब्दाला बोट लावलं की यंत्रच तो मोठ्याने म्हणतं. मुलं बोट लावतात, ऐकतात, खालच्या प्रश्नाचं उत्तर देतात. झाला हिरवा! माझ्या वर्गातली भिंगरी (एका जागी बसेल तर शपथ) अशा चाळीस गोष्टी वाचून मोकळी झाली आहे. तिला काल फळ्यावरचा ‘खिडकी’ शब्द वाचता आला नाही. वाचनतास गेला तर ती अशीच चौथीत जाईल, मग पाचवीत, आणि तुमच्या कागदावर ते कुणाला दिसणारही नाही.

वहिनीला नमस्कार. तुझ्यावरचा लोभ तूर्त आवरून धरला आहे.

तुझी धाकटी


दि. ९ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं, हात पोळले. लहानपणीही तू आधी ओरडायचीस आणि मग काय झालं ते सांगायचीस.

आम्ही डोळे मिटून खरेदी केलेली नाही. कंपनीने एका शाळेत आठवडाभर टॅब वापरून दाखवले, शिक्षकांकडून अभिप्राय भरून घेतले, सगळ्यांनी उत्तम लिहिलं. शेजारच्या जिल्ह्यानेही तेच घेतलेत. माझ्यापुढे दोनशे शाळांचे आकडे असतात, तुझ्यापुढे एक मुलगी. तिच्यासाठी दोनशे शाळांचा निर्णय फिरवता येत नाही. आणि नवीन काही आलं की तुझं नाक मुरडलेलंच असतं.

लोभ आवरलाच आहेस तर नीट धर, सांडू नकोस.

तुझा दादा


दि. १४ ऑगस्ट

ती. दादास,
नमस्कार, कोरडाच.

नवीन गोष्टींना मी नाक मुरडते? याच टॅबवर अधू डोळ्यांची एक मुलगी अक्षरं मोठी करून धडा वाचते. मीच शिकवलं तिला. माझा राग तुम्ही ते कसे निवडलेत यावर आहे. तो अभिप्रायाचा कागद मी मागवून पाहिला. मुलांना आवडलं का, शिक्षकांना सोपं वाटलं का, एवढंच त्यात आहे. वाचता येऊ लागलं का, हे विचारायचं एकालाही सुचलं नाही? शेजाऱ्यांनी घेतले म्हणून तुम्ही घेतलेत. त्यांनी कुणाचं बघून घेतले होते?

म्हणून काल मी सगळ्या टॅबचे आवाज बंद केले आणि तीच चाचणी दिली. एकतीसपैकी बावीस लाल. भिंगरीने टॅब कानाला लावून पाहिला आणि रडायला लागली. तिला मी रडवलं, पण माझ्याआधी तू. दुपारी कार्यालयातून फोन आला, यंत्रं बिघडली का म्हणून. मी सांगितलं की आज पहिल्यांदाच ती नीट चालली. आता मला नोटीस निघाली आहे म्हणे. ती सहीला तुझ्याच टेबलावर येईल. खुशाल सही कर, पण त्याआधी एकदा, एका तरी मुलासमोर, स्वतः आवाज बंद करून बघ.

तुझी बहीण (यात बदल करता येत नाही)


दि. २१ ऑगस्ट

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

खोटं कशाला सांगू, नोटिशीवर सही करायला पेन उघडलं होतं. केली नाही. परिपत्रक मागे घेतलं आहे, तुमचा वाचनतास राहील. सगळ्या शाळांत आवाज बंद करून पुन्हा चाचणी घ्यायला लावली आहे. सोमवारी खरेदी समिती मला फैलावर घेईल, घेऊ दे.

मी कुठल्या वर्गात गेलो नाही. टॅब आणून घरातच बघितलं. तुझी भाचीही तिसरीतच. तिचा हिरवा शेरा मी कार्यालयात चारचौघांना कौतुकाने दाखवला होता. आवाज बंद केला तर लाल. माझा विश्वास बसेना, म्हणून गोष्टीचं पुस्तक तिच्यापुढे ठेवलं. आजवर मी तिला कधी वाचायला बसवून ऐकलंच नव्हतं. तिने पहिल्या शब्दावर बोट टेकवलं आणि वाट पाहत राहिली. पुन्हा टेकवलं, जरा जोरात. मग मला म्हणाली की बाबा, हे पुस्तक बिघडलंय.

रविवारी ये. मला वाटेल ते बोल, फक्त तिच्यासमोर नको.

तुझा दादा