उंदराने खाल्लेला अभ्यासक्रम

टुलारी, ११ जून

प्रिय एपिफानिया मावशी,

तुझे दोन्ही गाल इथूनच ओढले असं समज. गुडघा कसा आहे? (डॉक्टरने जिने चढू नको म्हटलं, तर तू शिडी लावून छतावरचा कूलर धुतलास म्हणे. माझा चेहरा तुझ्यावर गेलाय असं सगळे सांगतात. आता स्वभावाचीही धास्ती वाटते.)

इथे सगळं ठीक, फक्त मी सोडून. तीन आठवडे मला एका जागी बसवत नाही. जेवतेही उभ्यानेच. परवा हाताला चाळा म्हणून आईचा चांगला चालणारा मिक्सर उघडला. तो आता उलटा फिरतो. झालं असं, की कम्युनिटी कॉलेजातली माझी चार वर्षं संपली (लोकांची दोन होतात, पण लोक पहाटे पीचच्या पेट्या भरायला कामाला जात नाहीत) आणि विद्यापीठाने इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला मला घेतलं. घेतलं म्हणजे अर्धवटच. तिथल्या बाई फोनवर म्हणाल्या, "तुमचा सर्किट्सचा विषय आम्ही धरत नाही. तुम्ही शिकलात त्या वर्षीचा अभ्यासक्रम शुक्रवारपर्यंत पाठवा, नाहीतर विषय पुन्हा करा." तो केल्याशिवाय पुढचा एकही विषय मिळत नाही, म्हणजे वर्ष गेलंच. मी सव्वीस वर्षांची, मावशी! कॉलेजात विचारलं तर त्यांच्याकडे फक्त यंदाचा कागद. जुना असलाच तर तो विषय शिकवणाऱ्या ऑगडेन सरांकडे, आणि सर निवृत्त होऊन मुलीच्या बदामाच्या बागेत.

गुरुवारी तिथे पोचले तर सर पंपाला शिव्या घालत होते. मला बघताच म्हणाले, "नेरेइडा, बरी आलीस. मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही. का ते सांग."

"सर, माझा कागद..."

"आधी मोटर."

मी चरफडत मेन स्विच पाडला, मीटर लावला. म्हटलं, "कंडेन्सर गेलाय."

"ते मला सकाळीच कळलं होतं," सर म्हणाले. "तुला कळतंय का बघत होतो."

(वयाचा मान ठेवला म्हणून, नाहीतर पाना हातातच होता.) मग शेडमधून खोकं काढलं. अभ्यासक्रम होता, पण सातवा ते नववा आठवडा उंदराने खाल्लेला. सरांनी तेवढा भाग माझ्या गाडीच्या बॉनेटवर हाताने लिहिला, सही केली आणि खाली टीप दिली: "मूळ पान उंदराने खाल्ले. विद्यार्थिनीला हा भाग येतो, आज तपासला." मी डोळे मिटून तसंच पाठवलं. आज बाईंचं उत्तर आलं: विषय धरला आहे, उंदराची नोंद फाइलला लावली आहे.

तुझी,
नेरेइडा

ता. क. विद्यापीठ तुझ्या गावातलं आहे, इथून चार तासांवर, पण हे आईला अजून सांगितलेलं नाही. तिला वाटतंय मी रोज घरून जाईन. मी तिकडे राहायला आले की ती घरात एकटी पडेल, हे तिच्यासमोर माझ्या तोंडून निघत नाही. तू फोन करून सांगशील का? आणि तुझी शिवणाची खोली मला मिळेल का?

ता. क. २. फानिया, माझी पोरगी पाकीट उघडंच टाकून कुठेतरी पळाली, म्हणून चिकटवताना वाचलं. विद्यापीठाचं पत्र आलं तेव्हाच मी नकाशा बघून ठेवला होता. खोली मोकळी कर, तिच्या गोधड्या बांधून झाल्यात. फोन मात्र नक्की कर. मी आधी थोडं खोटं रडेन. त्यापुढचं रडू माझ्या हातात नाही. — ओतीलिया