चौथ्या कमानीच्या पाचरी

हार्कडेल, यॉर्कशर
गुरुवार, ९ एप्रिल १८७४

प्रिय जोनास,

तुझ्या थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद. तू लँकेस्टरला चर्चच्या बांधकामावर आहेस हे दगडाच्या गाडीवानाकडून कळलं. फेब्रुवारीत गेलास तो गेलासच. दोन ओळी खरडायला काय हात मोडला होता?

इकडे सगळं ठीक आहे. कोंबड्या पुन्हा अंडी घालायला लागल्या आहेत. बोगदा पुरा झाला, आणि परवा त्यातून पहिलं इंजिन पार गेलं. त्याच्या धुरानं आम्हा बायकांचं वाळत घातलेलं सगळं धुणं काळं करून टाकलं. स्टेशनला रंग लागतोय. फलाट आहे, घड्याळ आहे, फुलांच्या कुंड्यासुद्धा आल्या, फक्त गाडी यायला पूल नाही. मे महिन्यात कंपनीचे बडे लोक पहिल्या गाडीनं येणार म्हणून थॉर्नलीसाहेबांच्या तोंडाला फेस आलाय. इंजिनीअर माणूस, पण हल्ली मुकादमासारखा ओरडत फिरतो.

तुझ्या मेव्हण्याची, एबलची तब्येत बरी आहे. म्हणजे जेवतो. झोपत नाही.

पुलाच्या तुझ्या चौथ्या कमानीबद्दल लिहायचं नाही असं ठरवून बसले होते, पण दुसरं काही सुचतच नाही. पहिल्या तीन कमानींखालचे लाकडी साचे मार्चमध्ये सुखरूप निघाले. एबल कसा काढतो ते तू पाहिलं आहेस. साच्याला टेकू दिलेल्या लाकडी खांबांखालच्या पाचरी केसभर सैल करायच्या, कान देऊन ऐकायचं, दगड कुरकुरला तर पाचर पुन्हा ठोकायची. पाचरींना चरबी तो स्वतःच्या हातानं लावतो, दुसऱ्याला शिवू देत नाही. गेल्या सोमवारी चौथ्या कमानीची पाळी होती आणि एकही पाचर हलेना. घण घालून माणसं दमली. लाकूड पाण्यानं फुगून घट्ट बसलं होतं. कोणीतरी म्हणालं, "एबलच्या पाचरी एबलसारख्याच, जागच्या हलायच्या नाहीत." सगळे हसले. एबलही हसला. तेव्हाच मला शंका आली, कारण कामावरची थट्टा त्याला कधीच सहन होत नाही.

आदल्या रविवारी तो डोकं दुखतंय म्हणून प्रार्थनेला आला नव्हता. मी घरी परतले तर आमची बादली जागेवर नाही, आणि त्याची विजार गुडघ्यापर्यंत ओली. आठवडाभर पावसाचा थेंब नव्हता, जोनास. पाचरींवर पाणी कोणी ओतलं ते मला सोमवारी उमगलं.

तुला राग येईल, पण ऐक. तू बरोबर होतास हे त्याला तेव्हाच ठाऊक होतं. हिमात लावलेला चुना गोठून मेला, बोटानं पिठासारखा झडतोय, असं तू थॉर्नलीला तोंडावर सांगितलंस. साहेब म्हणाला, एकट्या गवंड्याच्या सांगण्यावरून मी काम थांबवणार नाही, सुतारही तेच म्हणत असेल तर बघू. सगळ्यांनी एबलकडे बघितलं आणि एबल आपल्या हातातल्या टोपीकडे बघत राहिला. वर घरी येऊन तुलाच भित्रा म्हणाला. तू पानावरून उठून गेलास. त्या रात्री मी त्याला बोलायला हवं ते सगळं बोलले, पण त्याचा तुला काय उपयोग?

आता उन्हं लागली तर चुना थोडा तरी धरेल म्हणून तो दिवस काढतोय. स्वतःच्या कामाची नाचक्की ओढवून घेऊन. पण झालं उलटंच. साहेबानं हुकूम सोडला की पाचरी निघत नाहीत तर सोमवारी खांबच करवतीनं कापा. पाचर पुन्हा ठोकता येते रे, कापलेला खांब जोडता येत नाही. कमान एकदम खाली बसणार, आणि करवत धरून खाली असणार एबल. दुसऱ्या कोणाला तो जाऊ देणार नाही, त्याचा स्वभाव तुला माहीत आहे.

मी म्हटलं, जाऊन साहेबाला खरं सांग. तो म्हणाला, "पाचरी बिघडवून बसलोय, आता निमित्त काढतोय असंच म्हणेल तो. माझ्या एकट्याच्या शब्दाला आता काय किंमत आहे?"

खरं आहे ते. म्हणून हे पत्र. तो दगड तू लावलास, तो चुना तू कालवलास. रविवारपर्यंत ये. त्याच्यासाठी येऊ नकोस हवं तर, माझ्यासाठी ये. मला भीती वाटते, जोनास. दिवसभर त्या पुलाकडे पाठ करून कामं करते आहे.

हे मी एबलपासून लपवून लिहिते आहे. तो आता सरपण आत आणतोय, म्हणून आवरतं घेते. दुपारच्या टपालात

जोनास,

हेस्टरच्या हातातून कागद मी घेतला. तिला रागावलो नाही.

चुना मेलेला आहे. मी वर चढून बघितला. तू म्हणालास तसाच झडतो. हे मी थॉर्नलीसमोर बोलेन, पण तू शेजारी उभा पाहिजेस. तेव्हा मी टोपीकडे बघत राहिलो. या वेळी टोपी घरी ठेवून येईन.

तुझी गाडी चुकली तर खांब मीच कापणार. मग हेस्टरला तुझ्याकडे ठेवून घे. तिला तुझ्याइतका राग धरता येत नाही, सांभाळायला सोपी आहे.

तुला भित्रा म्हणणारा,
एबल