शेवाळाचं सूप आणि माझा विमा

५ ऑगस्ट, सोमवार
सोल. व्हिडिओ गेम खेळणाऱ्या पोरांच्या संघाचा मी स्वयंपाकी, पाच वर्षं झाली. कोण जिंकणार ते ताटात उरलेल्या भातावरून कळतं मला. आज फोनवर अंदाजांचा बाजार उघडला. अमुक संघ जिंकेल किंवा हरेल, त्याचे शेअर घ्यायचे. हा जुगार नव्हे, अभ्यास आहे. करारात बंदी आहे, पण ते कलम खेळाडूंसाठी असणार.
निश्चय: फक्त दुसऱ्यांच्या सामन्यांवर.

८ ऑगस्ट
तीनदा आपटलो. साहजिकच. दुसऱ्यांची ताटं मी कुठे बघतो?

१२ ऑगस्ट
शनिवारी हरलो तर संघ बंद. पोरं आपापल्या गावी, मी घरी. दो-ग्योम, आमचा हुकमी खेळाडू, तीन दिवस नुसता भात चिवडतोय. बायकोला, ओक-रानला, जेजू बेटावर न्यायला ठेवलेल्या पैशांचे आमच्या हरण्याचे शेअर घेतले. हा विमा आहे. विमा काढणारा काही मरणाची वाट बघत नसतो.
ओक-रान म्हणाली, अहो, जेवताना तरी फोन ठेवा. बातम्या बघतोय म्हटलं.

१४ ऑगस्ट
दो-ग्योम आज दोन वाट्या भात जेवला. वर विचारतो, काका, अजून आहे का? वाढला, पण हात आखडून. मग लाज वाटली, एक अंडं जास्त दिलं.

१६ ऑगस्ट
दो-ग्योमच्या आईचा फोन. उद्या त्याचा विसावा वाढदिवस, पण दादा, शेवाळाचं सूप सामना झाल्यावरच द्या हं, म्हणाली. बरोबरच आहे. समुद्रातलं शेवाळ ते, बुळबुळीत. परीक्षेआधी, सामन्याआधी पोटात गेलं की माणूस घसरतो. कुठलीच आई देत नाही. पण वाढदिवस त्याच्याशिवाय होतही नाही.
हो म्हटलं. शेवाळ भिजत घातलं. नुसतं भिजत घातलंय.

१७ ऑगस्ट, सकाळी ९
मी अंधश्रद्धाळू नाही. सूप केलं. वाढदिवस म्हणजे वाढदिवस.
मॅनेजर ओरडला, काका, आज? डोकं फिरलंय का तुमचं? दो-ग्योम वाडग्याकडे बघत बसला. डोळे भरले त्याचे. वाडगं उचलून घ्यावं असं फार वाटलं. घेतलं नाही. त्याने तळापर्यंत संपवलं आणि मला थँक्यू म्हणाला. इतका हलकट मी कधी नव्हतो.

संध्याकाळी ७
जिंकलो. शेअर मातीमोल. नोकरी राहिली, आनंद व्हायला हवा.
टीव्हीवर दो-ग्योम म्हणाला, सगळे माझ्याभोवती घाबरून वावरत होते. एकटे काका घाबरले नाहीत. आजच्या दिवशी सूप दिलं, म्हणजे केवढा विश्वास माझ्यावर!
त्याच्या आईचाही फोन आला. दादा, मला जमलं नसतं, म्हणाली. रडत होती. तसं काही नाही हो, म्हटलं. विनय समजली.

१९ ऑगस्ट
मॅनेजरचा हुकूम: यापुढे प्रत्येक सामन्याच्या सकाळी शेवाळाचं सूप, आणि पहिलं वाडगं काकांचं. आज तालीम म्हणून सगळ्यांसमोर प्यालो. पोरं टाळ्या वाजवत होती.
निश्चय: घरी गेल्या गेल्या ओक-रानला सगळं सांगायचं.
घरी गेलो तर ती जेजूसाठी बॅग भरत होती. नवी टोपी घालून दाखवली. म्हणाली, टीव्हीवर तुमचं नाव ऐकून ऊर भरून आला हो. बसा आधी.
सूप केलं होतं. शेवाळाचंच. दोन वाडगी प्यालो. टोपी छान दिसते म्हटलं.