शेवटची पोगेनकोट

११ जानेवारी

नाव संपतं म्हणजे नेमकं काय संपतं?

मला सांगता येत नाही. काल येत नव्हतं, आजही येत नाही. काल गावच्या इतिहास मंडळात माझं व्याख्यान झालं — ‘पोगेनकोट : एका आडनावाचा उगम आणि आजची संख्या’ — आणि शेवटी बेकरीवाल्या नीह्यूसबाईंनी पहिल्या रांगेतून हाच प्रश्न टाकला. म्युन्स्टरला इतकी वर्षं भाषाशास्त्र शिकले, घरातली पहिली पदवी माझी, आणि तोंडातून शब्द फुटेना. लोकांना वाटलं, गहिवरले. गहिवर कसला! सुचलं नाही, एवढंच.

उगमाबद्दल भरपूर बोलले होते. आमचा मूळ पुरुष सम्राटाचा सरदार होता, ही गावातली कथा खोटी, हे सांगितलं. ‘पोगे’ म्हणजे जुन्या बोलीत बेडूक. ‘कोट’ म्हणजे कुळाची झोपडी. दलदलीतली, बेडकांच्या शेजारची झोपडी — संपली आमची वंशगाथा! लोक पोट धरून हसले. बाबा हसले नाहीत.

मग आकडा सांगितला. अख्ख्या जर्मनीत आज सात पोगेनकोट. इथे आई, बाबा आणि मी. ब्रेमरहाफेनला दोन बहिणी, दोघी अविवाहित, ऐंशीच्या पुढे. पाडरबोर्नला एक पाद्री. ड्रेस्डेनला एक शिक्षक, मूलबाळ नाही. सगळ्यांशी मी स्वतः फोनवर बोलले आहे. शेवट जरा वजनदार हवा म्हणून म्हणाले, “म्हणजे माझ्यानंतर हे नाव उरत नाही.”

वाक्य छान जमलं होतं. टाळ्याही पडल्या.

१४ जानेवारी

पेपरात फोटो. वर मोठ्या अक्षरांत — शेवटची पोगेनकोट. उगमाबद्दल एक ओळ नाही!

बाबांनी कात्रण फ्रिजवर लावलं. फ्रिजमधून दूध घ्यायला गेलं की मीच माझ्याकडे बघते.

बेकरीत नीह्यूसबाई — “मग, कधी?”

“काय कधी?”

“अगं लग्न! सातच उरलात म्हणे. आमच्या कोठारात मांजरं जास्त आहेत.” पिशवीत एक पाव जास्तीचा घातला. “दोघांपुरतं खायची सवय कर आत्तापासून.”

मागे रांगेत उभे असलेले सगळे हसले. मीही हसले. न हसून जाते कुठे.

१७ जानेवारी

लाइपझिगहून माझ्या अर्जाचं उत्तर आलं. घेतलं मला! आडनावांच्या कोशाचं काम, तीन वर्षं, मार्चपासून. महिनाअखेर कळवायला सांगितलंय — फेब्रुवारीच्या.

डुकरांच्या खाद्याच्या कोठीत उभी राहून पुन्हा पुन्हा वाचलं. कुणाला सांगितलं नाही. योस्टलाही नाही. हे लिहिताना कान गरम झाले.

योस्टशी माझं लग्न ठरलंय. पलीकडच्या गावचा, तीन भावांत धाकटा. आमच्याकडे शेत अख्खं एकालाच जातं, बाकीच्या भावंडांनी आपली वाट धरायची. त्याची वाट आमच्या अंगणात आली. दोन वर्षांपूर्वी कामाला आला, आता बाबांचं त्याच्यावाचून पान हलत नाही. ऑक्टोबरात त्यानं विचारलं. बीट काढणी चालू होती, सगळे दमलेले, आणि तो चांगला आहे. ‘हो’ म्हणायला तेवढं पुरलं.

२१ जानेवारी, रविवार

हिरव्या कोबीचा बेत. धुरावलेले सॉसेज, उकडलेले बटाटे, मोहरी. बाबांनी कोर्नची, धान्याच्या दारूची, बाटली काढली.

योस्ट म्हणाला, “नाव मीच बदलतो. होईन पोगेनकोट. मला काय, माझं नाव चालवायला घरी दोन भाऊ आहेत.”

बाबा उठले. टेबलाला वळसा घालून गेले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून नुसते उभे राहिले. आईनं वाढता वाढता माझ्याकडे पाहिलं. “तुझं ताट तसंच आहे,” म्हणाली.

शेताला नाव हवं. नावाला माणूस हवा. माणसाला शेत हवं. मधोमध मी, बिजागरीसारखी. दार कुणीही उघडावं, बिजागरीनं जागचं हलायचं नाही.

कोणी वाईट वागलं असतं तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं.

३० जानेवारी

चर्चमध्ये पाद्रीबाबांनी विचारलं, मे की जून. योस्ट म्हणाला, मे.

४ फेब्रुवारी

आईला सांगितलं, लाइपझिगचं. ती कोबीची पानं धूत होती. तिनं नळ बंद केला.

“मला बालवाडीत शिकवायचं होतं,” म्हणाली. “मीही या घरची एकुलती एक होते. मला कुणी विचारलं नाही, मीही कुणाला विचारलं नाही.”

“मग?”

“मग काय. राहिले.” पानं झटकली. “तू का नाही राहायचं, ते सांग.”

मी म्हटलं, मला ते काम आवडतं. कारण खरं होतं, पण त्या मोरीपाशी किती किरकोळ वाटलं! आवडतं म्हणे. ती पानं चिरायला बसली. बाबांना मात्र सांगितलं नाही तिनं, हे विशेष.

१२ फेब्रुवारी, कार्निव्हलचा सोमवार

आमच्या गावच्या मिरवणुकीत गाड्या असतात आणि वर्षभरात ज्यानं ज्यानं स्वतःचं हसं केलं तो गाडीवर चढतो. गेल्या साली सरपंचाचं बुजवलेलं गटार होतं. यंदा — मी.

अग्निशामक दलाच्या पोरांनी कागदाचा लगदा करून बेडकी बनवली होती. गोठ्याएवढी! डोक्यावर मुकुट, गळ्यात पाटी — ‘शेवटची. हात लावू नये.’ पुढून सहा जण बेडूक होऊन उड्या मारत होते आणि दोन्ही बाजूंनी अख्खं गाव ओरडत होतं, “डराव! डराव!”

चौकात गाडी थांबली. मला वर ओढलं. योस्टलाही ओढलं. “वाढवा वंश! वाढवा वंश!” नीह्यूसबाई सगळ्यांत पुढे, तोंडाला हिरवा रंग. कोणीतरी ओरडलं, “हिल्के, देशाची संपत्ती आहेस तू, जपून उतर!” योस्टनं गालावर ओठ टेकवले. गर्दीतून ‘हो-हो-हो’. वरून चॉकलेटं फेकायला त्यांनी माझ्या हातात टोपली दिली. मी फेकली. मुठी भरभरून फेकली, हसत.

बेडकीच्या पोटात आतून जाळी होती, तारांची. जवळून दिसत होती.

१३ फेब्रुवारी

घसा बसलाय. गाव झोपलंय.

१६ फेब्रुवारी

बाबांची दाढ दुखत होती, म्हणून गाडी मी चालवली. वाटेत ट्रॅक्टरवाला भेटला. “कुठे निघालात?”

बाबा गाल धरून म्हणाले, “होल्टरमानकडे.”

होल्टरमान! म्हातारा होल्टरमान जाऊन किती वर्षं झाली. त्याचं घर हॅम्बुर्गच्या दंतवैद्यानं विकत घेतलं. त्याच्या दारावर त्याचं स्वतःचं नाव पितळी अक्षरांत आहे आणि गावात एकाला ते आठवत नाही. त्या घरात राहतो, म्हणून तो होल्टरमान. रक्त नाही, लग्न नाही.

आमच्याकडे नाव माणसाचं नसतं, घराचं असतं. हे मी परीक्षेत लिहिलंय! घरात येणाऱ्याला चुलीभोवती तीनदा फिरवतात आणि तो नावासकट घरचा होतो. चर्चच्या दप्तरात आमचीच साक्ष आहे. सतराव्या शतकातल्या मोठ्या युद्धानंतर घर ओस पडलं, तेव्हा जमीनमालक मठानं कुठलासा परका तरुण आणून बसवला. ना बायको, ना नातं. पुढल्या रविवारी तो पोगेनकोट. आम्ही सगळे त्याचे.

आणि मी व्याख्यानात काय मोजलं? टेलिफोनवरची माणसं. शहरातल्यासारखी मोजली, पाखरं मोजावीत तशी.

बाबा एक दाढ कमी होऊन बाहेर आले. मी गाडी सुरू करायची विसरले होते.

१७ फेब्रुवारी

डुकरांच्या गोठ्यात बाबांना गाठलं. एक मादी व्यायला झाली होती, त्यामुळे त्यांना हलता येत नव्हतं. मुद्दामच तेव्हा गेले.

म्हटलं, “बाबा, तुम्ही जन्मानं टेरवाय. पोगेनकोट तर आई.”

त्यांनी वर पाहिलं नाही. “हो. मग?”

“मग नावासाठी एवढं तुम्हालाच का?”

पेंढा सारखा केला. मग म्हणाले, “तुझ्या आजोबांनी मला चुलीभोवती फिरवलं. तिसऱ्या फेरीला माझी आई दाराशी उभी होती. त्या दिवसापासून तिनंही मला पोगेनकोट म्हणूनच हाक मारली. मरेपर्यंत. गंमत म्हणून सुरू केलं असेल.” मादीच्या पाठीवरून हात फिरवला. “मी जन्मानं पोगेनकोट असतो, तर नाव बुडालं तर बुडालं. माझंच होतं, म्हटलं असतं. पण दुसऱ्याचं भांडं घेऊन आपण वापरतो, पोरी, तर ते आपल्या हातून फुटू नये.”

पहिलं पिल्लू आलं. त्यांनी पुसून आचळाला लावलं.

तेव्हाच सांगून टाकलं, सगळं. लाइपझिग, मार्च. आणि योस्टला फिरवा चुलीभोवती — माझ्याशिवाय. पूर्वी झालंय असं, आपल्याच घरात झालंय.

“नवऱ्याला आणतात घरात,” बाबा म्हणाले. “गड्याला नाही.”

“तो गडी होता? त्या रविवारी तुम्ही त्याच्या खांद्यावर हात ठेवलात, तेव्हा?”

दुसरं पिल्लू आलं.

२० फेब्रुवारी

घरात कोणी कोणाशी बोलत नाही. फ्रिजवर मी अजून हसतेय.

२२ फेब्रुवारी

योस्टला आज सांगितलं. बांधावर. वारा होता, मोठ्यानं बोलावं लागलं, आणि अशा गोष्टी मोठ्यानं बोलवत नाहीत.

“म्हणजे शेत ठेव आणि मला सोड,” तो म्हणाला.

“तू शेतकरी चांगला आहेस, योस्ट. बाबांपेक्षा चांगला. मला ते नाकारायचं नाहीये.”

“मी काय कामाची परीक्षा देत होतो, दोन वर्षं?”

तो चिडलेला कधी पाहिला नव्हता. लाल झाला होता, कानापर्यंत. मग म्हणाला, “मला दोन्ही हवं होतं.”

“माहीत आहे.”

“आणि एकच मिळणार असेल तर —”

वाक्य तसंच राहिलं. तो वळला आणि गोठ्याकडे बघत राहिला. दिवे लागले होते, खाद्याची वेळ झाली होती. मी वाट पाहिली. खोटं कशाला लिहू — मनापासून वाट पाहिली, की तो माझ्याकडे वळेल. मीच ज्याला सोडायला गेले होते त्यानं मला धरावं, असं वाटत होतं. काय हे!

“पिल्लं उपाशी असतील,” म्हणाला आणि गेला.

रडले. सुटल्याचं, आणि निवडली न गेल्याचंही. दोन्ही एकदम होतं, हे भाषाशास्त्रात नव्हतं.

२५ फेब्रुवारी, रविवार

जेवताना चौघं, आणि चमच्यांचा आवाज. बाबा म्हणाले, तसं होत नाही. कायदा चुलीभोवती फिरत नाही. सून नाही, जावई नाही, मग नाव कुठल्या नात्यानं द्यायचं?

आईनं मोहरीची बरणी खाली ठेवली. या सगळ्यात सर्वांसमोर पहिल्यांदाच बोलली.

“दत्तक घ्या. सज्ञान माणसालाही घेता येतं. होल्टरमानच्या मावशीनं नव्हता घेतला भाचा, चाळिशीतला? जावई नाही तर मुलगा. बटाटे कोणाला हवेत?”

योस्टचा घास हातात. बाबा तिच्याकडे असे बघत होते, जणू ती आजच या घरात आलीय.

“हिचा हक्क आहे शेतावर,” बाबा म्हणाले.

“तिला विचारा की,” आई म्हणाली. “कोणीतरी कोणाला तरी विचारा या घरात एकदा.”

बाबांनी विचारलं नाही. उठून बाहेर गेले.

२७ फेब्रुवारी

लाइपझिगला कळवायचे दोनच दिवस उरलेत. आज काही लिहिलं नाही तिकडे. हात होत नाही.

नीह्यूसबाईंनी मे महिन्याच्या केकचं विचारलं. किती मजल्यांचा. म्हटलं, सांगते.

३ मार्च, लाइपझिग

खोलीला अजून पडदे नाहीत.

नोटरीकडे मंगळवारी, सत्तावीसलाच, सकाळी जाऊन आलो होतो, बाबा, योस्ट आणि मी. त्या दिवशी या पानावर ते लिहायचं धाडस झालं नाही. घर, जमीन, गोठा, सगळ्यावरचा हक्क मी सोडला. त्याआधी बाबांनी विचारलं होतं, अंगणात, गाडीचं दार धरून — “तुला खरंच जायचंय?” मी हो म्हटलं. लाइपझिगलाही शेवटच्या दिवशी तेच कळवलं.

दत्तकाचा अर्ज न्यायालयात गेलाय. ज्याची मी बायको होणार होते, त्याची बहीण होईन. पोगेनकोट आठ होतील.