मूठ सोड

१० मार्च, सोमवार

नाही म्हणून सांगितलं! सगळ्यांसमोर, पंपघराच्या व्हरांड्यात, मोठ्या साहेबांच्या तोंडावर.

झालं असं — मागच्या महिन्यात एका टोळीने वरच्या टाकीचा व्हॉल्व्ह फोडला, अर्धं शहर कोरडं पडलं आणि मग त्याच टोळीने टँकरने पाणी विकलं. म्हणून आता जलखात्यातल्या प्रत्येकाने कमरेला पिस्तूल लावायचं असा हुकूम निघालाय. आम्ही रूप बदलणारे पालटे, आम्हीसुद्धा. मी म्हटलं, पालटे हत्यार धरत नाहीत. साहेब म्हणाले, मग पालट्यांनी खात्याच्या खोल्याही धरून बसू नये. शनिवारपर्यंत विचार कर म्हणाले. मी विचार करूनच आले होते, हे त्यांना कुठे ठाऊक!

धाकटा शेजारीच उभा होता, बुटांकडे बघत. माझा सख्खा भाऊ, माझ्याच खात्यात, आणि तोंडातून ब्र नाही. एवढा राग आला की घरी येईपर्यंत त्याच्याशी बोलले नाही.

११ मार्च, मंगळवार

आज बाजारामागच्या जुन्या नळात गळती शोधायला उतरले. उतरण्याआधी पानाने माझे दोन्ही तळवे बघितले. पाना म्हणजे आमचा फिटर — खिशात कायम पाना असतो, म्हणून पाना. पालट्या नव्हे, साधा माणूस, पण इतकी वर्षं माझ्याबरोबर काम करून एवढं शिकलाय. हात रिकामे? रिकामे. का, ते विचारत नाही. मग मी सापासारखा लांबडा मासा झाले आणि आत गेले. एक जोड ठिबकत होता, तो दाखवून वर आले.

कॅन्टीनमध्ये विषय माझाच. कॅन्टीनवालीचं म्हणणं, यांना नखं-दात आहेत, हत्यार हवंय कशाला. मीटरवाला म्हणतो, भित्री जमात आहे. एकाने तर सांगितलं की आम्हाला लोखंड सोसत नाही. दिवसभर लोखंडी नळात असते मी! आणि म्हणे वाघ व्हा. वाघ व्हायला जागा लागते, आणि परत माणूस झाल्यावर अंग आठवडाभर ठणकतं. हे कोण सांगणार यांना?

खरं कारण इथे लिहिते, इथेच राहू दे. पालटताना कपडे गळून पडतात, पण मुठीत घट्ट धरलेलं अंगात जातं. आणि पुन्हा बाहेर येत नाही. धाकट्याने लहानपणी निळी पेन्सिल मुठीत धरून मांजर व्हायचा पराक्रम केला होता. अजून त्याच्या तळव्यात निळी रेघ आहे, आणि मांजर झाला की एक पंजा निळा. म्हणून आमच्यात बाळाला बोलायला शिकवण्याआधी मूठ सोडायला शिकवतात.

आपण होऊन पालटताना हात आधी मोकळे करता येतात. पण भीती वाटली की अंग आपल्याला विचारत नाही, पालटतंच. आणि माणूस हत्यार घट्ट आवळतो कधी? भीती वाटते तेव्हाच! एवढं साधं आहे. हे बाहेर सांगायची सोय नाही — उद्या कुणीही आमच्या हातात काहीही कोंबेल आणि भॉक करेल. त्यापेक्षा भित्री म्हणोत.

१२ मार्च, बुधवार

धाकट्याने पिस्तूल घेतलं. कमरेला लावून घरी आला, जसं काही बक्षीस मिळालंय!

मी फाडफाड बोलले. तो म्हणाला, खोल्या गेल्या तर आत्याला घेऊन रस्त्यावर बसणार आहेस का? आणि मी घाबरत नाही कुणाला. मी म्हटलं, "घाबरत नाहीस, तर ते हवंय कशाला?" त्यावर जे बोलू नये तेच बोलला. आत्यानेही धरलाच होता ना सुरा, म्हणाला, मेली का ती?

आत्या समोरच भाजी निवडत होती. डाव्या हाताने. तिचा उजवा हात कोपरात वाकत नाही, आत लोखंड आहे. तरुणपणी दंगलीत तिने सुरा उचलला होता, असं सगळे पालटे सांगतात. तिच्याकडे बोट दाखवून पोरांना धाक घालतात — हत्यार धरलंस तर असं होईल. कबूतर झाली तरी एक पंख ताठ, म्हणून तिने पालटणंच सोडून दिलं. आम्हाला तिनेच वाढवलं, पण सुऱ्याबद्दल तिला विचारायची आमच्या घरात कुणाची छाती झाली नाही.

आत्या भाजी उचलून आत गेली. धाकट्याच्या मुस्काटात द्यावीशी वाटली.

१३ मार्च, गुरुवार

धाकटा जेवायला आला नाही. त्याच्या वाटणीचंही मीच खाल्लं, रागाने.

१४ मार्च, शुक्रवार

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. गोड बोलून पाहिलं, आवाज चढवून पाहिला. शेवटी स्वतः उठून माझा हात धरला, पिस्तूल तळव्यावर ठेवलं आणि माझी बोटं मिटवली. म्हणाले, बघ, काही होतंय का?

मी बोटं उघडली. पिस्तूल फरशीवर पडलं, टेबलावरचा पेला हादरला. मी ते उचललं नाही. साहेबांना वाकून उचलावं लागलं, आणि त्यांची कंबर दुखते हे सगळ्या खात्याला माहीत आहे.

खोल्या जाणार बहुतेक. जाऊ देत! हा हात माझा आहे.

१५ मार्च, शनिवार

टोळीवाले आले. भर दुपारी, चार जण, हातात पहारी. पंपघराच्या दारावर धाकटा, आत पाना. मी पलीकडच्या नळावर पाय धूत होते.

धाकट्याने पिस्तूल काढलं. त्याच्या मानेवरचे केस उभे राहायला लागले — आमचं पालटणं तिथूनच सुरू होतं — आणि मूठ पिस्तुलावर आवळलेली! मी टोळीकडे बघितलंच नाही, त्याच्याकडे धावले. "मूठ सोड!" ओरडले, लहानपणी आत्या ओरडायची तशी.

सोडली त्याने. पिस्तूल पडलं, त्यावर शर्ट-पँट पडली, आणि त्यातून कुत्र्याचं एक तपकिरी पिल्लू बाहेर आलं, शेपूट पायात घालून. टोळी पोट धरधरून हसायला लागली.

मी दारात जाऊन उभी राहिले, दोन्ही हात पसरून, रिकामे. त्यांच्यातला म्होरक्या म्हणाला, आता तू काय होणार, वाघ? मी म्हटलं, "काही नाही होणार. उभी राहणार." मान शिवशिवत होती. भीती वाटत नव्हती असं नाही, पण त्या माणसाचं हसणं बघून असा संताप झाला होता की भीतीला जागाच उरली नाही. पहार उचलली त्याने. मी हलले नाही.

तेवढ्या वेळात पानाने मागचा टाकी धुवायचा मोठा व्हॉल्व्ह उघडला. सगळं पाणी एका दणक्यात अंगणात! चौघे पहारींसकट गटारात. पिस्तूलही गेलं. धाकटाही चालला होता, त्याला शेपटीला धरून काढला.

चिखलात बसून मी आणि पाना कितीतरी वेळ हसत होतो.

१६ मार्च, रविवार

साहेबांचा शिपाई येऊन सांगून गेला. पंपघर वाचलं त्याबद्दल आभार, पण खात्याचं पिस्तूल गेलं आणि हुकूम मोडला. उद्या माणसं येतील, खोल्या खाली करा.

धाकटा रडत भांडी बांधायला लागला. आत्या त्याला म्हणाली, "ठेव ते. आणि ऐक, तो सुरा नाही. कडी आहे, दाराची."

दंगलीत लोक बाहेरून दार ढकलत होते. आमचे बाबा तेव्हा एवढेसे, तिच्या मागे लपलेले. कडी खिळखिळी झाली होती, ती तिने दाबून धरली. भीतीने अंग पालटलं, कडी हातात शिरली. पण ती झाली होती घोरपड, आणि घोरपड कुठली सोडते! हात कडीच्या जागी कोयंड्यातच राहिला. दार काही उघडलं नाही.

इतकी वर्षं बोलली का नाहीस, मी विचारलं. म्हणाली, सुऱ्याच्या धाकाने पोरं मूठ सोडायला शिकत होती, शिकू देत म्हटलं.

मग खुर्ची ओढून दारात बसली, ताठ हात चौकटीला आडवा लावून.

"येऊ देत उद्या," म्हणाली. "कडी माझ्याकडे आहे."